काटकोनातली धार

पटाशी, रंध्याचं पातं, विळी, वस्तरा यांची घडण एकाच कल्पनेवर चालते. दोन बाजू एकमेकींकडे झुकत जातात आणि जिथे भेटतात तिथे धार होते. कार्ड स्क्रेपर या कुळातला नाही. साधारण १५० मिलिमीटर लांब, ६०-६५ मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटरपेक्षा थोडा कमी जाड असा हा पोलादाचा आयताकृती पत्रा. त्याला मूठ नाही, स्क्रू नाही, उतार दिलेली बाजूही नाही. गुण्या लावला तर सगळ्या कडा काटकोनात भरतात. ज्याला ठाऊक नाही तो हा कशाचा तरी निखळलेला भाग समजून अडगळीत टाकून देईल. पण कडेवर नीट काम झालेलं असेल, तर रंध्याने जिथे हात टेकले त्या फळीवरून हा पत्रा असा पापुद्रा काढतो की फुंकर मारली तर उडून जावा.

हे सारं ज्याच्या जिवावर चालतं ते नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. कडेच्या कोपऱ्यातून बाहेर ढकललेला आणि किंचित वळवलेला पोलादाचा एक आकडा, उंचीला मिलिमीटरचे काही शतांश. मशीन शॉपमध्ये पत्रा कापला की कडेला जी खरखरीत बर उभी राहते, तिचाच हा नातेवाईक. बाकीच्या हत्यारांना धार लावताना शेवटची मेहनत ही बर घालवण्यात जाते, आधी बारीक दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर. स्क्रेपरला ती मुद्दाम आणावी लागते. नुसती आणूनही भागत नाही, घडवावी लागते. कानस फिरवल्यावर आपोआप राहिलेली बरही लाकूड खरवडते. वाळलेला सरस किंवा जुना रंग काढायला ती पुरेशीही असते. पण तिची कड फाटकी असते आणि ते फाटकेपण ती लाकडावर उमटवते. आपोआप आलेली बर आणि घडवलेला आकडा यांच्यामधलं जे अंतर, तेच या हत्याराचं सौंदर्य. माझ्या मते ते बघायला शिकलं की अर्धं काम झालं.

आधी पोलाद. चांगल्या पटाशीचा कडकपणा रॉकवेल सी मापावर साधारण ५८ ते ६२ असतो. स्क्रेपरचा पन्नाशीच्या आसपास. हातकरवतीचं पातंही याच वर्गातलं, कारण करवतीचे दात न मोडता आलटून पालटून दोन्ही बाजूंना वाकवता आले पाहिजेत आणि कानशीने पुन्हा धारदार करता आले पाहिजेत. जुनी करवत निकामी झाली की तिच्या पात्यातून स्क्रेपर कापून घ्यायची सुतारांची रीत त्यातूनच आली. पोलादाला जास्त पाणी दिलं, म्हणजे ते पटाशीइतकं कडक केलं, तर त्याची कड वाहणार नाही, तडकेल. फारच मऊ ठेवलं तर आकडा पहिल्या दोन हातांत लोळण घेईल. पन्नाशीचं पोलाद या दोन अपघातांच्या मधोमध उभं आहे. घोटायची कांडी, म्हणजे घोटणी, मात्र या पत्र्याहून बरीच कडक लागते, साठीच्या वरची, आणि आरशासारखी गुळगुळीत. कडक आणि नरम अशा दोन पोलादांच्या भेटीत जे होतं त्याचंच रसग्रहण करायचं आहे.

पहिला टप्पा कानशीचा. हा कंटाळवाणा आहे आणि बहुतेकांचा स्क्रेपर इथेच बिघडतो, कारण पुढच्या टप्प्यांची घाई असते. पत्रा व्हाइसमध्ये उभा धरून एकेरी दातांची कानस कडेवरून लांबीच्या दिशेने फिरवायची. ती डावी-उजवीकडे कलू नये म्हणून तिला लाकडाच्या ठोकळ्याचा टेकू देतात. उद्देश दोन. जुन्या, घोटून घोटून ताठर झालेल्या धातूचा थर काढून टाकणं हा एक. कड सरळ आणि काटकोनात आणणं हा दुसरा. काटकोन हवा, कारण तसा तो असला तर एकाच कडेच्या दोन्ही कोपऱ्यांवर सारखा आकडा वळवता येतो. दोन लांब कडा, प्रत्येकीला दोन कोपरे, म्हणजे एका पत्र्यात चार धारा मिळतात. एक थकली की पत्रा उलटा करायचा. या कामात हात थांबवावे लागत नाहीत, ही सोय वाटते तितकी किरकोळ नाही.

मग दगड. कानशीने कडेवर आडवे-तिरपे ओरखडे ठेवलेले असतात. हे ओरखडे तसेच राहिले तर आकड्याला प्रत्येक ठिकाणी एक खाच पडते आणि प्रत्येक खाच लाकडावर एक उंचवट्याची रेघ सोडते. म्हणून हजार नंबरच्या किंवा त्याहून बारीक दगडावर कड घासून घ्यायची. इतकी पातळ कड जपानी पाणदगडाच्या मधोमध फिरवली तर ती दगडातच चर पाडते. म्हणून जाणकार दगडाची बाजू वापरतात, नाहीतर हिऱ्याच्या कणांची पट्टी. इथवर सगळे येतात. पुढे बरेच जण चुकतात, कारण पत्र्याच्या दोन सपाट बाजू तशाच सोडून देतात. धार हा दोन पृष्ठभागांचा छेद आहे. कड आरशासारखी केली आणि बाजू गंजलेली, ओरखड्यांची ठेवली, तर त्या छेदाचा एकच काठ सुधारला. मला विचाराल तर एकूण वेळेतला मोठा हिस्सा या सपाट बाजूंना द्यावा. अख्खी बाजू चकचकीत करायची गरज नसते, कडेलगतचं बोटभर पोलाद पुरतं.

आता घोटणं. प्रत्यक्षात या कामाला पाचेक मिनिटंही लागत नाहीत, आणि सगळं लक्ष मात्र इथेच लागतं.

त्यातही दोन हालचाली आहेत. पहिलीत पत्रा टेबलाच्या काठाशी सपाट ठेवायचा, तेलाचा एक थेंब लावायचा, आणि घोटणी जवळजवळ सपाट, एखाद-दुसऱ्या अंशाने कडेकडे कललेली धरून पुढे-मागे फिरवायची. असं केल्याने कोपऱ्यावरचा धातू कडेच्या रेषेबाहेर जरासा ओढला जातो. दुसरीत पत्रा पुन्हा उभा धरायचा आणि घोटणी कडेवरून चालवायची. आधी पत्र्याशी काटकोनात, मग पाच ते दहा अंशांनी कलवून. या वेळी बाहेर ओढलेला धातू बाजूला वळतो आणि आकडा तयार होतो. घोटणी एका जागी घासत न ठेवता तिच्या लांबीच्या दिशेनेही सरकवत नेतात, म्हणजे दर क्षणी तिचा नवा भाग कडेला भेटतो.

या सगळ्यात पोलादाचा एक कणही कमी होत नाही. कानस आणि दगड धातू काढून टाकतात, घोटणी त्याला हलवते. थंड पोलाद दाबाखाली वाहतं आणि वाहताना ताठरही होतं, म्हणून घोटलेला आकडा मूळ पत्र्यापेक्षा थोडा अधिक टिकाऊ निघतो. हाताला हे कळतं. पहिल्या फेरीत घोटणी किंचित अडखळते, कडेवर काहीतरी खरबरीत आहे असं वाटतं. दुसरी-तिसरी फेरी त्याहून सैल जाते. मग एकाएकी अडखळणं संपतं, घोटणी घसरत जाते, आवाजही बारीक होतो. तिथे थांबायचं असतं आणि तिथेच थांबणं अवघड असतं. हाताला वाटतं, एवढ्या कडक वस्तूवर एवढासा जोर कसा पुरेल? पण गोल कांडी आणि पातळ कड यांचा स्पर्श एका ठिपक्याएवढ्या जागेत होतो. मनगटाचा साधा भारही तेवढ्या जागेवर प्रचंड दाब होऊन पडतो. पोळी लाटताना जोर जास्त झाला की कडेने पुरण फुटतं, तसंच इथेही होतं. धातू वेडावाकडा बाहेर येतो, आकडा स्वतःवरच गुंडाळला जातो आणि त्याचं टोक लाकडापर्यंत पोहोचतच नाही. दिसायला मोठा, हाताला बोचणारा, कामाला निरुपयोगी.

नवशिक्यांना असा मोठा आकडा भुरळ घालतो, कारण तो लगेच जाणवतो. उत्तम आकडा अंगठ्याला जेमतेम लागतो. बोट पत्र्याच्या मधल्या भागाकडून कडेबाहेर सरकवलं तर अगदी शेवटी काहीतरी अडल्यासारखं होतं, बस. (बोट कडेच्या लांबीने कधीही फिरवू नये. हा आकडा कातडी सहज कापतो.) नखाने परीक्षा घ्यायचीही पद्धत आहे. नखावर हळूच टेकवून ओढला तर नखाचा कीस निघाला पाहिजे.

कोनाबद्दल उगाच फार लिहिलं जातं. कॅनडाच्या व्हेरिटास कंपनीच्या एका घोटणीत कार्बाइडची कांडी शून्य ते पंधरा अंशांमध्ये हव्या त्या कोनात बसवता येते. उपकरण चोख आहे आणि ज्याचा हात थरथरतो त्याला ते खरोखर उपयोगी पडतं. पण पाच अंश आणि सात अंश यांतला फरक लाकडाला कळतो असं मला वाटत नाही. कळतो तो पाच आणि पंधरा यांतला. आकडा जितका जास्त वळवावा तितका स्क्रेपर लाकडाकडे जास्त कलवून धरावा लागतो. मग बोटांची पेरं फळीला घासू लागतात आणि पत्र्याला बाक देणं कठीण जातं. कमी वळवलेला आकडा जवळजवळ उभ्या पत्र्यानिशी काम करतो, हाताला मोकळीक राहते. तेव्हा शंका असेल तिथे कमीच वळवावं.

आकड्याची खरी परीक्षा फळीवर. दोन्ही हातांनी पत्रा धरायचा, दोन्ही अंगठे मागून खालच्या बाजूला मध्यभागी टेकवायचे, त्यांनी पत्र्याला किंचित बाक द्यायचा आणि पुढे कलवत न्यायचा. एका विशिष्ट कलावर आकडा लाकूड पकडतो. ज्या क्षणी पकडतो तो हाताला चुकत नाही. बाकामुळे पत्र्याचे कोपरे उचललेले राहतात आणि फळीवर त्यांचे चर पडत नाहीत. काय निघालं ते बघा. भुसा निघाला तर आकडा नाही किंवा बोथट झाला आहे. चुरगळलेला, जाळीदार, पण अखंड पापुद्रा निघाला तर काम जमलं. रंध्याचा पापुद्रा गुळगुळीत वेटोळं घेतो. स्क्रेपरच्या पापुद्र्याला बारीक चुण्या असतात, कारण तो जवळजवळ उभ्या पृष्ठभागावर आपटून वर चढलेला असतो.

या चुण्यांतच स्क्रेपरचं रहस्य आहे. मिशिगन विद्यापीठातून १९५८ साली नॉर्मन फ्रांझ यांचा लाकूड कापण्याच्या प्रक्रियेवरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. पाण्याच्या जोरदार झोताने वस्तू कापण्याच्या तंत्राचे जनक म्हणून पुढे हेच फ्रांझ ओळखले गेले. त्यांनी लाकडाच्या छिलक्यांचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात पात्याच्या पुढे पुढे लाकूड फाटत जातं. उलट रेषांवर रंधा मारला की ढलपी उचकटते, ती या प्रकारामुळे. पातं पाचरीसारखं छिलक्याखाली शिरतं, छिलका तरफेसारखा उचलला जातो, आणि फट धारेच्या पुढे, रेषा नेतील तिकडे धावते. तिसऱ्या प्रकारात पात्याचं तोंड इतकं उभं असतं की लाकूड पुढे दाबलं जाऊन मोडतं. तरफेला लांबीच मिळत नाही, म्हणून फटही धावत नाही. स्क्रेपर या तिसऱ्या टोकाकडचा. अशा कापण्याचा दोष म्हणजे बोथट धारेने तंतू चेपले जातात आणि पृष्ठभाग केसाळ होतो. घोटलेला बारीक आकडा नेमका हा दोष झाकतो. एकूण ठेवण उभी, पण टोकाला इवलीशी खरी धार. फाटण्याची भीती नाही आणि चेपण्याचीही फारशी नाही. एवढी चतुर रचना सपाट पत्र्याच्या कडेवर उभी राहते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये या गुणाला मोठी किंमत होती. आंद्रे-जाकोब रूबो हा स्वतः सुतार. १७६९ ते १७७५ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सुतारकामाच्या ग्रंथात जडावकामाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे स्क्रेपरला जागा आहे. कारण उघड आहे. जडावकामात निरनिराळ्या झाडांच्या पातळ चकत्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या रेषा वेगळ्या दिशेला धावतात. रंधा एकीच्या सोयीने मारावा तर दुसरी उचकटते. स्क्रेपरला दिशेशी देणंघेणं नसतं.

शिसवीचं दुखणं याच जातीचं. तिच्या खोडात तंतू थराथराने उलटसुलट कललेले असतात. त्यामुळे फळीवर शेजारच्या दोन पट्ट्यांपैकी एक रंध्याला सरळ मिळते आणि दुसरी उलटी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडलेलं कोरीव काळं फर्निचर याच लाकडाचं. जुनी शिसवी खुर्ची किंवा पलंग घरात असेल तर सपाट भागावर तिरपा उजेड पाडून पाहावं. त्या पट्टे-पट्टे रेषांवरून सफाई करणाऱ्या हाताला काय झगडावं लागलं असेल याचा अंदाज येतो. आपल्याकडे जुनं पॉलिश काढायला फुटक्या काचेचा तुकडा वापरणारेही आहेत. ताज्या मोडलेल्या काचेची कड विलक्षण तीक्ष्ण असते, पण ती पुन्हा लावता येत नाही. बोथट झाली की टाकायची आणि दुसरी फोडायची.

स्क्रेपरचं सर्वात नाजूक काम व्हायोलिन करणाऱ्यांकडे चालतं. पाठीचं लाकूड मॅपल, त्यात आडव्या लाटा, म्हणजे तंतू सतत वर-खाली वळणारे. रंध्याचा तिथे निभाव लागत नाही. शिवाय फळी सपाट नसून फुगीर, म्हणून पत्रेही अंडाकृती किंवा हंसाच्या मानेसारखे वळणदार, आणि पातळ. या कारागिरांतले काही जण कडेला काटकोनाऐवजी पंचेचाळीस अंशांच्या आसपास उतार देतात. पुढच्या बाजूचं लाकूड स्प्रूस, आणि इथे स्क्रेपरची सही उमटते. स्प्रूसमध्ये कडक आणि मऊ रेषा आलटून पालटून असतात. खरवडताना मऊ रेषा दबतात, नंतर ओल मिळाली की पुन्हा फुगतात, आणि पृष्ठभागावर कॉर्डरॉय कापडासारखी बारीक नळीदार उठावाची नक्षी राहते. जुन्या वाद्यांवर वार्निशखाली ती बोटांना लागते. पॉलिशपेपर मारला असता तर ती सपाट झाली असती आणि वाद्य मुकं नसलं तरी चेहरा हरवून बसलं असतं.

पॉलिशपेपरशी तुलना अटळच आहे. कागदावरचे कण लाकडावर हजारो बारीक ओरखडे पाडतात आणि त्यांतून उडालेली पूड छिद्रांत जाऊन बसते. मग अधिक बारीक कागद, मग त्याहून बारीक. स्क्रेपर तंतू कापून मोकळा होतो. छिद्रं उघडी राहतात, प्रकाश आत जातो, लाटेरी लाकडात ती लाट हलते. हे निव्वळ तेल किंवा पातळ शेलॅक दिलेल्या लाकडावर स्पष्ट दिसतं. जाड पॉलियुरेथेनचे थर चढवणार असाल तर मात्र खरवडलेलं आणि घासलेलं यांतला फरक जवळपास बुजतो, आणि तिथे स्क्रेपरचं कौतुक करणं हा नुसता सोवळेपणा होतो.

त्याच्या मर्यादा आणखी आहेत. पाइनसारख्या मऊ लाकडावर तो बहुधा केस उभे करतो. मोठ्या टेबलाचा पृष्ठभाग निव्वळ याने करायला जावं तर एखाद्या खराब जागेवर पुन्हा पुन्हा हात जाऊन तिथे खळगा पडतो, आणि पॉलिश चढल्यावर तो खळगा चमकतो. शिवाय तो तापतो. कडेवरच्या घर्षणाची सगळी उष्णता पातळ पत्र्यातून सरळ अंगठ्यांत येते. कोणी अंगठ्यांना चामडं बांधतात, कोणी फ्रिजवरचं चपटं चुंबक पत्र्याला चिकटवतात. स्टॅन्ली कंपनीचा ८० नंबरचा स्क्रेपर पत्र्याला दोन मुठींच्या लोखंडी चौकटीत धरतो आणि मधल्या स्क्रूने त्याला बाक देतो. अंगठे वाचतात, मोठ्या फळ्या सपाट राहतात. पण पत्र्याचा बाक क्षणाक्षणाला कमी-जास्त करणारी बोटं त्यात नसतात, आणि माझ्या लेखी स्क्रेपरची मजा तिथेच आहे.

आकडा बोथट झाला की लगेच कानस घेऊ नये. सपाट घोटून तो पुन्हा सरळ करायचा आणि पुन्हा वळवायचा. असं काही वेळा चालतं. दर वेळी धातू आणखी ताठर होत जातो, शेवटी आकडा वळण्याऐवजी तुकड्या-तुकड्यांनी तुटू लागतो, आणि पापुद्र्यात उभ्या चिरा दिसतात. मग कानशीकडे परत.

घ्यायचा असेल तर बाहको कंपनीच्या पत्र्यासारखा ०.८ मिलिमीटर जाडीचा साधा पत्रा घ्यावा. त्याहून पातळ पत्रे वळणदार कामाला चांगले, पण नव्या हाताला ते लवकर तापतात आणि फार वाकतात. दिखाऊ पत्र्यावर जादा पैसे घालवू नयेत. पैसे घालायचेच तर घोटणीवर घालावेत. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने घोटण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण बहुतेक दांडे त्या मानाने मऊ असतात आणि पत्र्याची कड त्यांच्यावरच ओरखडे पाडते. ओरखडे पडलेल्या घोटणीने गुळगुळीत आकडा होत नाही. कार्बाइडची किंवा चांगल्या कडक पोलादाची घोटणी एकदाच घ्यावी, गंजू देऊ नये, आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नये.